मुलगी, विज्ञान आणि हातातला पेचकस: इंदूरचे पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

रामबागेत आमच्या घराच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा ते बारा मुलींचा विज्ञानाचा वर्ग भरतो. पाचवी ते दहावीच्या मुली, एक लांब टेबल, भिंतीला लागून मोडक्या वस्तूंचे दोन खोके. मी शाळेत फिजिक्स शिकवायचे; निवृत्त झाल्यावर हा उद्योग सुरू केला. मुलीला सोडायला आलेले पालक चपला न काढता दारातच उभे राहून जे विचारतात, तेच पुन्हा पुन्हा विचारलं जातं. तीच उत्तरं इथे लिहून काढली आहेत. फोन करण्याआधी एवढं वाचा, म्हणजे माझा रविवार वाचेल.

फक्त मुलींचाच वर्ग कशाला? मुलगे आले तर काय बिघडतं?

मीही बरीच वर्षं हेच म्हणायचे. मग एकदा नववीच्या प्रॅक्टिकलला मी काहीही न शिकवता नुसती मागे उभी राहिले. चार-चार जणांचे गट, समोर सेल, तारा, बल्ब, अ‍ॅमीटर. गटात दोन मुलगे, दोन मुली. साहित्य टेबलावर ठेवल्या ठेवल्या मुलग्यांनी तारा उचलल्या आणि मुलींनी पेन्सिली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, भांडण नव्हतं, सगळं गोडीगुलाबीनं. तास संपला तेव्हा मुलींच्या जर्नलमध्ये सर्किटची सुंदर आकृती होती आणि त्यांच्या बोटांना तारेचा स्पर्शसुद्धा झालेला नव्हता.

आणि मी काय करत होते? "बघा, हिची जर्नल किती नीटनेटकी!" म्हणून वर्षानुवर्षं शाबासकी देत होते. प्रयोगाची कारकून व्हायला मीच शिकवलं म्हणा ना.

म्हणून हा वर्ग मुलींचा. इथे तार उचलायला दुसरं कुणी नाही, त्यामुळे उचलावीच लागते. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊ, शेजारचे मुलगे कुणीही आले तरी चालतं, पण एक नियम आहे: या वेळी जो लिहील तो पुढच्या वेळी हात लावील. शाळेतल्या शिक्षकांनी एवढा एकच नियम लावला तरी माझ्या वर्गाची निम्मी गरज संपेल. त्याला ना ग्रँट लागते ना परिपत्रक.

पण मुलींना गणित जरा कमीच जमतं, हे खरं ना?

नाही. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत विज्ञान शाखेत २९.८ लाख मुली आणि २७.४ लाख मुलगे होते. जमत नसतं तर एवढ्या पोरी तिथे पोचल्याच नसत्या. मात्र त्याच देशात बी.टेक.च्या वर्गात तिघांमागे एक मुलगीही पुरती भरत नाही. म्हणजे डोक्याचा प्रश्न नाही, वळणाचा आहे. ते वळण इंदुरात नेमकं कुठे येतं, ते पुढच्या प्रश्नात.

मुलगी दहावीत आहे. मॅथ्स घ्यावं का बायो?

हा खरा प्रश्न, आणि तो दारात उभ्याउभ्या विचारायचा नाही. आत या, बसा.

आपल्याकडे अकरावीला "सायन्स घेतलं" म्हणून भागत नाही, लगेच पुढचा सवाल येतो, "मॅथ्सवाली का बायोवाली?" आणि मुलगी असेल तर उत्तर बहुतेक वेळा घरानं आधीच दिलेलं असतं: बायो. का, तर डॉक्टर झाली तर उत्तम, नाही झाली तर बी.एस्सी., बी.एड. करून शाळेत लागेल. बायोत वाईट काहीच नाही. ज्या मुलीला बेडकाचं काळीज बघून आनंद होतो तिनं बायोच घ्यावं. माझा राग आहे तो न विचारता घेतलेल्या बायोवर.

मॅथ्स सोडलं की काय काय बंद होतं, तेही पाहून ठेवा. इंजिनीअरिंग बहुतेक गेलंच. आर्किटेक्चर गेलं. फिजिक्समध्ये पुढे जाणं गेलं. विमान चालवायचं असेल तर बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं. एनडीएचं दार मुलींना २०२१ मध्ये उघडलं, पण हवाई दल आणि नौदलासाठी तिथेही हे दोन विषय लागतात, जोडीला केमिस्ट्री. (महूची लष्करी छावणी शेजारी असून आपल्या पोरींना हे ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.) उलट बायो सोडलं तर मेडिकल गेलं. ते मात्र सगळ्यांना पाठ असतं.

मन ठरत नसेल तर मॅथ्स बारावीपर्यंत ठेवा, असं मी सांगते. बायो नंतर स्वतः वाचून थोडंफार भरून काढता येतं. दोन वर्षं सुटलेलं गणित भरून काढणारी मुलगी मी क्वचितच पाहिली. काही शाळा दोन्ही विषय घेऊ देतात. ते ओझं खरोखर जड असतं, शेजारच्या मुलीनं घेतलं म्हणून घेऊ नका. आणि सीबीएसईवाल्यांनी दहावीच्या 'बेसिक' गणिताचा फॉर्म भरण्याआधी शाळेत जाऊन विचारा, की याने अकरावीला मॅथ्स मिळायला अडचण येईल का. "सोपं पडेल" म्हणून मुलींना बेसिक सुचवलं जातं आणि वळण तिथेच लागून जातं.

आपल्यातली कुणी आहे का या वाटेनं गेलेली?

इस्रोच्या बायकांची नावं तुम्ही टीव्हीवर ऐकली असतीलच. चांद्रयान-२ च्या वेळी प्रकल्प संचालक मुथय्या वनिता होत्या आणि मोहीम संचालक रितू करिधाल. पण "आपल्यातली" म्हणताय, तर अगदी आपल्या गावातली सांगते.

कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. जन्म १९११, इंदूर. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएससीत शिकलेले. मुलीनं मुंबईला बी.एस्सी. केलं, पहिली आली आणि १९३३ साली त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

ती गेली आणि रामन यांच्यासमोर ठाण मांडून बसली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, कामाबद्दल रामन यांची खात्री पटली तरच पुढे, आणि तिच्यामुळे मुलग्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरानं खात्री पटली. तिच्यामागून मुलींना त्या संस्थेत वाट मिळाली. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना तिला वनस्पतींतलं सायटोक्रोम-सी, म्हणजे पेशींच्या श्वसनात लागणारं एक प्रथिन, सापडलं, आणि १९३९ साली ती पीएच.डी. झाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची ती संचालक झाली.

रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा, म्हणून त्या दिवशी शाळाशाळांत विज्ञान दिन होतो. हार, दिवा, भाषण. भाषणात हा भाग कुणी सांगत नाही. मी सांगते. रामन फार मोठे होते आणि या बाबतीत चुकले होते. आठवीच्या पोरींना दोन्ही गोष्टी एकदम कळतात, मोठ्यांनाच जड जातं.

घरी मराठी, शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी. मुलीचा गोंधळ होत नाही का?

होतो, आणि एका शब्दापाशी तर हमखास होतो. मराठीत अणू म्हणजे अ‍ॅटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत अ‍ॅटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल! आजोबा घरी सांगतात, "पाण्याच्या रेणूत तीन अणू." शाळेत हिंदीच्या पुस्तकात "जल का एक अणु, तीन परमाणु." पोरगी म्हणते, आजोबांना येत नाही. आजोबा म्हणतात, हल्लीच्या शाळाच बेकार. दोघंही बरोबर असतात.

अशा वेळी शब्द बाजूला ठेवा आणि चणे-फुटाणे घ्या. एक मोठा चणा, दोन छोटे फुटाणे, काडीनं जोडा. हे पाणी. आता याला तीन भाषांत काय म्हणतात ते तिलाच तक्ता करून लिहायला सांगा. आमच्या वर्गात असा तक्ता भिंतीवर आहे: घनता-घनत्व-डेन्सिटी, अशा ओळी वाढतच चालल्यात. तीन भाषांत तीच गोष्ट सांगता येणारी मुलगी ती गोष्ट समजलेली असते. इंग्रजीत घोकलेल्या व्याख्येबद्दल मी अशी हमी देणार नाही.

घरी काय करून घ्यावं? किट महाग असतात.

किट घेऊच नका. रंगीत खोक्यातली ती किट एकदा जोडली की माळ्यावर जातात.

पोहे घ्या. इंदूरचे पोहे ठेल्यावर सकाळी सहापासून दहापर्यंत मऊ कसे राहतात? खाली पाण्याचं पातेलं उकळत असतं आणि वरच्या परातीला वाफ लागत राहते. घरी काट्यावर शंभर ग्रॅम कोरडे पोहे मोजा, भिजवा, निथळा, पुन्हा मोजा. किती पाणी प्यायले? जाड पोहे किती, पातळ किती? पोहे न शिजवता खाता येतात आणि तांदूळ येत नाही, असं का? (पोहे होतानाच टरफलासकटचा तांदूळ भिजून-भाजून निम्मा शिजलेला असतो, पण हे लगेच सांगून टाकू नका.) एवढ्यात वजन, टक्केवारी, आलेख सगळं येतं आणि शेवटी जीरावण मसाला घालून प्रयोग खाताही येतो.

दुसरी गोष्ट, बिघडलेली वस्तू. मागच्या पावसाळ्यात सातवीतली एक मुलगी आजीचा बंद पडलेला मिक्सर घेऊन आली. शेंगदाण्याची चटणी वाटता वाटता ठिणग्या आल्या आणि थांबला, एवढीच माहिती. प्लग काढलेला आहे ना, ते तिनं स्वतः दोनदा पाहिलं. उलटा केला. तळाशी लाल बटण असतं, जास्त भार पडला की ते बाहेर येतं. ते दाबून झालं होतं, उपयोग नव्हता. मग पेचकसानं चार स्क्रू काढले. एक जाम, त्यावर खोबरेल तेलाचा थेंब टाकून पाच मिनिटं वाट पाहिली. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, मधे फिरणारा दांडा, आणि दांड्याला दोन्ही बाजूंनी टेकलेले काळ्या कार्बनचे दोन छोटे ठोकळे. एक बोटाच्या पेराएवढा, दुसरा झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढा. ती कितीतरी वेळ त्या दोघांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, हा टेकतच नाहीये."

नवी जोडी जेल रोडला मिळाली, किरकोळ पैशांत. मिक्सर चालू झाला. आजीनं त्या दिवसापासून घरातलं काहीही बिघडलं की मुलाला हाक मारणं सोडलंय, नातीला हाक मारते.

आणि शॉक लागला तर?

भीती रास्त आहे. म्हणून नियम कडक आहेत: प्लग भिंतीतून काढून टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. मायक्रोवेव्ह आणि पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही उघडायचाच नाही. प्लग काढल्यावरही त्यांच्या आत जीवघेणा विद्युतभार साठून राहिलेला असू शकतो. मोबाइलची फुगलेली बॅटरी आणायचीच नाही. केस बांधलेले, ओढणी घरी. स्वयंपाकघरात गॅसपाशी हीच मुलगी रोज उभी राहते, तेव्हा ही काळजी कुठे जाते, असा एक प्रश्न माझ्याही मनात येतो. पण तो मी मनातच ठेवते. बहुतेक वेळा.

शाळेतली लॅब कायम कुलूपबंद असते. काय करायचं?

मी ज्या शाळांत होते त्यांपैकी एका शाळेत सूक्ष्मदर्शक कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं, आणि "मुली फोडतील" म्हणून किल्ली तपासणीच्या दिवशीच बाहेर यायची. तेव्हा अनुभवानं सांगते: एकट्यानं तक्रार करू नका. पाच-सहा पालकांनी मिळून पालकसभेत एवढंच विचारा, की आमच्या मुलींनी या महिन्यात कोणता प्रयोग स्वतःच्या हातानं केला? उत्तर शोधायला का होईना, किल्ली शोधावी लागते.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे स्वतः वस्तू बनवून पाहायची प्रयोगशाळा, असेल तर ती सहावी ते बारावीच्या सगळ्या मुलांसाठी असते. त्यासाठी शाळेला २० लाखांपर्यंत केंद्राचं अनुदान मिळतं. रोबोटिक्सच्या स्पर्धेला जाणाऱ्या चार मुलग्यांची ती मालमत्ता नव्हे. शिवाय इन्स्पायर-मानक योजनेत शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते आणि निवड झाली की नमुना बनवायला मुलाला किंवा मुलीला १०,००० रुपये मिळतात. पाठवायचं काम शाळेचं, त्यामुळे विज्ञानाच्या सरांमागे लागावं लागतं. कल्पना मुलीची असू द्या, बाबांची नको. परीक्षकांना दोन प्रश्नांत कळतं.

इंदुरात मुलीला दाखवण्यासारखं काय आहे?

सराफ्याची खाऊगल्ली सोडून? पुष्कळ.

कॅट रोडवरून तुम्ही शंभरदा गेला असाल. ते कॅट म्हणजे आजचं राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र, १९८४ मध्ये पायाभरणी झालेलं. तिथे इंडस-२ नावाचं यंत्र आहे: सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगानं फिरतात आणि वळताना जो तेजस्वी प्रकाश सोडतात, त्यानं पदार्थांच्या आतली रचना तपासतात. असं यंत्र देशात आणखी कुठे नाही, ते आपल्या सुखनिवासापाशी आहे, आणि इंदूरच्या निम्म्या लोकांना कॅट म्हणजे फक्त बसचा स्टॉप वाटतो. विज्ञान दिनाच्या सुमारास शाळा-कॉलेजच्या मुलांना आत दाखवतात; शाळेमार्फत आधी नाव द्यावं लागतं.

उज्जैन जेमतेम ५५ किलोमीटर. महाकालाचं दर्शन झालं की क्षिप्रेकाठच्या वेधशाळेत जा. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात बांधलेली. सम्राट यंत्रावर सावलीनं वेळ वाचायची आणि आपल्या घड्याळाशी ताडून पाहायची. फरक येतो. का येतो, हे घरी येईपर्यंत गाडीत चर्चेला पुरतं. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला असल्यामुळे जूनमध्ये एकदा आणि जुलैच्या सुरुवातीला एकदा दुपारी साडेबाराच्या आसपास आपली सावली पायाखाली गडप होते. गच्चीवर एक बाटली उभी करून ठेवायची, बस. जुलैत ढग असतात, म्हणून जूनचा मुहूर्त धरा.

आणि आपला ओला कचरा. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता होती. बटाट्याच्या सालीपासून बस कशी धावते, हे कचरा न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याचं गाणं रोज ऐकणाऱ्या मुलीला कळायलाच हवं.

शिकवायला पैसा कुठून आणायचा?

थोडक्यात सांगते, फॉर्म दरवर्षी बदलतात म्हणून तारखा शाळेतच विचारा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीत असेल आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल, तर एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा: पास झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पुढे इंजिनीअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलींना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. आयआयटींमध्ये २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा आहेत. त्या मुलग्यांच्या जागा कापून दिलेल्या नाहीत, वर वाढवलेल्या आहेत; घरात वाद झाला तर हे वाक्य कामाला येईल. आणि पॉलिटेक्निकला नाक मुरडू नका.

कोचिंग भंवरकुआंला, सुटतं रात्री आठला. कशी पाठवणार?

याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. मुलगा असता तर हा प्रश्न आलाच नसता, हे तुम्हालाही माहीत आहे. तीन-चार घरांनी मिळून एक रिक्षा ठरवणं, सकाळची बॅच मागणं, हे चालतं. एका मुलीचे बाबा क्लाससमोर चहाच्या टपरीवर दोन वर्षं बसून होते. ती लागली, आणि त्यांची टपरीवाल्याशी सोयरीक झाल्यासारखी दोस्ती झाली. पण वेळेसाठी मॅथ्स सोडायला लावू नका. वेळ बदलता येते.

आजी म्हणतात, इतकं शिकून शेवटी पोळ्याच लाटायच्या. काय सांगू?

आजींना घेऊन या. खरंच. मागे एक आजी रागानं आल्या होत्या, त्यांनी लोणच्यात मीठ कमी पडलं की बुरशी का येते यावर अर्धा तास असा वर्ग घेतला, की मी मागे बसून टिपणं काढली. जाताना म्हणाल्या, "आमच्या वेळी असं कुणी विचारलंच नाही." आता त्यांची नात एकही रविवार चुकवत नाही, कारण आजीच चुकवू देत नाही.

मुलीला कोडिंग लावावं का?

लावा, पण आधी पाहा घरातला कॉम्प्युटर कुणाच्या खोलीत आहे. भावाच्या असेल तर आधी तो हॉलमध्ये आणा. स्क्रॅच हे मुलांसाठीचं कोडिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. महागड्या ऑनलाइन क्लासच्या विक्रेत्यांना फोनवर नाही म्हणायची सवय करा.

बाई, मला सायन्स आवडतच नाही. मग?

हा प्रश्न एका मुलीनं विचारला, आई पाणी प्यायला आत गेल्यावर. मग नको घेऊस, म्हटलं. कॉमर्स घे, चित्रकला घे. पण पेचकस धरता येईपर्यंत येत राहा. ती अजून येते. सायन्स अजून आवडत नाही. तिच्याइतकं नीट सोल्डरिंग मात्र वर्गात कुणी करत नाही.

पहिल्यांदा येताना काय आणायचं?

वही नको. एक बिघडलेली वस्तू: टॉर्च, घड्याळ, इस्त्री, रिमोट, काहीही. पेचकसाचा छोटा सेट असेल तर उत्तम, नसेल तर आमच्याकडे आहेत. डबा आणा, कारण बारा वाजता सगळ्यांना एकदम भूक लागते. आणि कृपा करून आता मिक्सर आणू नका. त्या सातवीतल्या मुलीची बातमी पसरल्यापासून सहा आलेत, त्यांतले दोन अजून टेबलावर उघडे पडलेत आणि एकाचा लहान जार सापडत नाहीये. ज्यांचे मिक्सर असतील त्यांनी घेऊन जावेत.